गाणं लागलं की पळणारा माणूस

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि मी गायला लागलो की आमच्या घरचा कर्ता पुरुष पळत सुटतो. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं बरं. नाहीतर नंतर कुणाकडून तरी ऐकाल आणि माझ्या गळ्याबद्दल भलताच गैरसमज करून घ्याल. माझा स्वतःचा तर झालाच होता. तो आता पुरता गेलाय, असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका टोकाला नुसता सांगाडा ठेवायचे आणि माणसं आपापलं काम उरकून तो पुढे सरकवायची. कुणी मोटर बसवली, कुणी बटणं, कुणी मोटरवरून चाकापर्यंत एक बारीक काळा रबरी पट्टा ओढून घेतला. टेबलाच्या शेवटाला एक बाई बसायच्या. हातात पांढरे मोजे, कानांवर मोठे हेडफोन. त्यांनी माझ्या पोटात एक कॅसेट घातली. तिच्यात गाणं नव्हतं, एकच लांब सूर होता. तो ऐकता ऐकता त्यांनी माझ्या पाठीवरच्या एका छिद्रात बारीकसा स्क्रूड्रायव्हर घातला, आतला स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बरोबर."

माझ्या आयुष्यात मी ऐकलेला हा पहिला शब्द. काय बरोबर, कुणाच्या मते बरोबर, हे विचारायची सोय नव्हती. बाईंनी मला पुढे ढकललं आणि पुढचा टेपरेकॉर्डर हातात घेतला.

मग दुकानातली काच, आणि तिथून हे घर. तिसरा मजला, दोन खोल्या, एक मोठी खिडकी आणि खिडकीखाली इमारतीचं मागचं अंगण. अंगणात पाण्याची टाकी, चार स्कूटर आणि कपडे वाळत घालायच्या तारा. आमच्या घरचे गृहस्थ अग्निशमन दलात होते, आगीच्या बंबावर. इमारतीतली पोरं त्यांना बंबकाका म्हणायची. त्यांच्या बायकोचं शिवणकाम घरीच चालायचं, म्हणून त्या काकू. मीही पोरांचं ऐकून ऐकून त्यांना काका-काकूच म्हणतो.

काकूंनी मला खिडकीत ठेवलं, शिलाई मशीनच्या शेजारी, आणि पहिल्याच आठवड्यात एक कॅसेट तयार केली. माझ्याच पोटात रेडिओ आहे. त्याच्यावर मनासारखं गाणं लागायची वाट बघत त्या लाल बटणावर बोट ठेवून बसायच्या. पहिल्या गाण्याच्या वेळी बोट जरा लवकर पडलं, त्यामुळे निवेदकाचे शेवटचे शब्दही कॅसेटमध्ये शिरले. "आता ऐकू या," असं तो म्हणतो, आणि लगेच गाणं सुरू होतं. काकूंनी ते पुसलं नाही. म्हणाल्या, राहू दे, तेवढीच सोबत.

त्या कॅसेटची गंमत अशी, की तिच्यात एक धावतं गाणं आणि एक संथ गाणं, पुन्हा एक धावतं, पुन्हा एक संथ, असा क्रम आहे. काकूंचं कामच तसं होतं. सरळ लांब टिपा मारायच्या तेव्हा धावतं गाणं, आणि मशीनचा पायटा भरधाव. काजं करायची, गळ्याची वळणं घ्यायची, तेव्हा संथ गाणं. पाय दमायच्या आत हाताचं काम यायचं, हात दमायच्या आत पायाचं. गिऱ्हाइकं म्हणायची, तुम्ही एवढं कसं उरकता हो. काकू माझ्याकडे मान उडवून सांगायच्या, "हा उरकून घेतो माझ्याकडून." मित्रांनो, मला तेव्हा वाटायचं की कपडे मीच शिवतो.

ती वर्षं सुखाची होती. काका कामावर गेले की काकू मला जरा मोठ्याने लावायच्या आणि परत आल्यावर जरा बारीक करायच्या. मधल्या वेळात बंबाची घंटा कुठे ऐकू आली तर मला एकदम बंदच करायच्या आणि घंटा कुठल्या बाजूला गेली ते कान देऊन ऐकायच्या. मग पुन्हा लावायच्या. असं मधेच का तोडतात, गाणं रंगात आलेलं असताना, हे काही मला उमजायचं नाही.

मुलगी झाली, ती माझ्यासमोर नाचायला शिकली, मोठी झाली, शाळेत खेळाची शिक्षिका झाली. घरात फोन आले. फोनमध्ये म्हणे हजार गाणी असतात. एवढीशी चपटी वस्तू, तिला ना दार ना बटण, आणि हजार गाणी. मी काही विश्वास ठेवला नाही, पण मला विचारलं कुणी? एक दिवस माझी रवानगी कपाटाच्या वर झाली, जुन्या पडद्यांच्या गाठोड्याखाली. तिथे किती काळ होतो ते सांगता येत नाही. गाठोड्याखाली दिवस आणि रात्र सारखीच असते.

आणि एके दिवशी गाठोडं हललं. ताईने, म्हणजे त्याच मुलीने, मला खाली उतरवलं आणि फडक्याने पुसलं. खिडकी तीच होती, मशीनही तेच. काकूंचे केस पिकले होते. आणि काका दिवसाढवळ्या घरात होते, खुर्चीत बसून होते, हे मला सगळ्यात विचित्र वाटलं. हा माणूस कधी बसलेला मी पाहिलाच नव्हता.

हळूहळू बोलण्यातून कळत गेलं. एका गोदामाला आग लागली होती. काका आत गेले आणि धूर त्यांच्या छातीत बसला. बरेच दिवस ते दवाखान्यात होते. आता बरे झाले होते, पण जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागायचं. त्यांच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की धावायची परीक्षा पास झालात तर पुन्हा बंबावर, नाहीतर कार्यालयात टेलिफोनवर. ते टेलिफोनचं नाव निघालं की काकांचा चेहरा पडायचा.

"फोन उचलायचा, पत्ता लिहून घ्यायचा, आणि बंब गेला की खिडकीतून त्याच्याकडे बघत बसायचं," ते ताईला म्हणाले. "माझ्याच्याने नाही व्हायचं ते. त्यापेक्षा घरी बसेन."

"घरी कुठे बसाल?" काकू मशीनवरून म्हणाल्या. "सारखे मधे मधे येता माझ्या."

ताई म्हणाली, "बाबा, तुमचं चुकतं कुठे माहितेय? तुम्ही सुरुवातीलाच जीव खाऊन पळता, दोन फेऱ्यांत छाती भरते, की संपलं. परीक्षेतही सलग पळायचं नाहीये. एका शिट्टीला जोरात टोकापर्यंत, मग पुढच्या शिट्टीपर्यंत चालत, मग पुन्हा जोरात. सरावही तसाच करायचा. आणि घड्याळात बघत पळायचं नाही, पाय अडखळतात. गाण्यावर पळायचं. जोराचं गाणं लागलं की पळायचं, संथ लागलं की चालायचं. शाळेत मुलांचा सराव मी असाच घेते."

"अशी कॅसेट माझ्याकडे आहे," काकू म्हणाल्या. त्यांनी मशीनच्या खणातून ती काढली, पण लगेच काकांच्या हातात दिली नाही. "जपून हं. नवरा एक वेळ दुसरा मिळेल, ही दुसरी मिळायची नाही."

आणि मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सकाळी माझं तोंड अंगणाकडे करून मला खिडकीत ठेवलं. खाली काका बूट घालून उभे होते. काकूंनी बटण दाबलं. निवेदक म्हणाला, "आता ऐकू या." मी जीव ओतून गायला लागलो, आणि काका पळाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांनी गातोय, निवेदक इतक्या अदबीने सांगतोय की आता ऐकू या, आणि हा माणूस चक्क पळून जातो? टाकीला वळसा घालून परत आला तेव्हा वाटलं, लाज वाटली असेल. पण तो पुन्हा पळाला. मी संथ गाणं सुरू केल्यावर मात्र तो चालायला लागला, कमरेवर हात ठेवून, मान वर करून. म्हटलं, चला, हे आवडलं. पुढचं धावतं गाणं लागलं आणि गडी पुन्हा पसार. रोज हेच. मी गाणं बदलू शकत नाही आणि तो पळणं सोडत नाही. पळायचंच असेल तर मला लावतो कशाला, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

काकू मात्र खिडकीत बसून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "निवेदकाला सर्दी झाल्यासारखी वाटते नाही? आवाज बसलाय त्याचा."

"इतकी वर्षं धूळ खात पडला होता, आई," ताई म्हणाली. "तुझाही बसला असता."

मला सर्दी वगैरे काही झालेली नव्हती. मी अगदी पूर्वीसारखाच गात होतो. निदान मला तरी तसंच ऐकू येत होतं.

दिवस गेले तसे काका सुधारले. तारांवरच्या कपड्यांखालून वाकून पळायचे, स्कूटरवर बसलेल्या मांजराला दरवेळी सलाम ठोकायचे. आधी धावतं गाणं संपायच्या आतच गळपटायचे, आता पुरून उरायला लागले. एकदा खालून ओरडून म्हणाले, "अगं, हा दमतो माझ्याआधी." जिन्यातलं थांबणं बंद झालं. घरात हसणं वाढलं. मीही मग जरा मोठ्या मनाने त्यांना माफ केलं. म्हटलं, पळू दे बिचाऱ्याला, प्रत्येकाची ऐकायची तऱ्हा वेगळी.

मग साहेबांचा निरोप आला, की परीक्षेच्या आधी एकदा बंबांच्या स्टेशनच्या मैदानावर पळून दाखवा, अंदाज येईल. मला तिथवर कोण वाहून नेणार? ताईने तीच गाणी फोनवर घेतली आणि बापलेक फोन घेऊन गेले.

परत आले तेव्हा काका दुसऱ्या मजल्यावर थांबले. मी आणि काकू, दोघांनीही ते ऐकलं. आत येऊन ते बुटांसकट खुर्चीत बसले. शेवटी ताईनेच सांगितलं. पहिल्या गाण्यापासूनच पाय चुकत गेले. गाणं पुढे, बाबा मागे. संथ गाण्यात जरा दम खावा तर ते लगेच संपायचं. पुढचं अंगावर यायचं. तिसऱ्या फेरीत बाबा गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले आणि साहेबांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

"तीच गाणी होती ना?" काकूंनी विचारलं.

"तीच, आई. अगदी तीच."

"मग घरी जमतं ते तिथे का जमू नये?"

"तेच तर कळत नाही."

काका म्हणाले, "कळायचं काय त्यात? इथे टाकीभोवती सगळेच पळतील. तिथे गेल्यावर खरं काय ते कळलं. उद्या साहेबांना सांगतो, टेलिफोन चालेल." आवाज अगदी साधा होता, जसं काही भाजी कुठली आणू विचारतायत. काकूंचा पाय पायट्यावरच राहिला. मला एवढंच कळलं, की आता उद्यापासून माझ्या गाण्यावर कुणी पळणार नाही, आणि त्याचं मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही.

ती संध्याकाळ फार जड गेली. काकूंनी एका झग्याची किनार शिवायला घेतली आणि सवयीने मला लावलं. तिकडे स्वयंपाकघरात ताई फोन घेऊन बसली होती. कुठलं तरी भलतंच गाणं उतरवून घेतलं की काय, म्हणून तिनेही तेच गाणं लावून बघितलं. घरात एकाच वेळी एकच गाणं दोन गळ्यांतून सुरू झालं. मी एका कडव्यावर, फोन दुसऱ्या. नुसता गोंधळ.

"तुझ्या फोनला कसली घाई झालीय?" काकू म्हणाल्या.

"फोन बरोबर आहे, आई," ताई म्हणाली, आणि म्हणता म्हणता दारातच थांबली.

तिने मला मागे नेलं, गाण्याच्या अगदी सुरुवातीला आणलं, फोन माझ्या शेजारी ठेवला आणि दोघांना एकदम सुरू केलं. पहिली ओळ आम्ही जोडीने म्हटली. दुसऱ्या ओळीला फोन थोडा पुढे गेला. कडव्यापर्यंत तो पार निघून गेला. शेवटी फोन गाणं संपवून गप्प बसला आणि मी एकटाच गात राहिलो. तिघंही माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, मी जिंकलो. शेवटपर्यंत टिकलो तो मीच ना?

"हा हळू चालतोय," ताई म्हणाली. "पट्टा सैल झाला असणार. बाबा, तुम्ही इतके दिवस हळू गाण्यावर पळत होता."

काका उठून माझ्याजवळ आले. इतक्या जवळून त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. "म्हणजे मी सुधारलो नव्हतोच," ते म्हणाले. "एक थकलेला टेप आणि एक थकलेला माणूस. छान जोडी जमली होती." आणि आत जाऊन झोपले. मित्रांनो, मला अजूनही समजत नाही, की माझं चुकलं ते नेमकं कुठे. मी एकही शब्द गाळला नव्हता, एकही सूर सोडला नव्हता. जे पोटात होतं ते सगळं गायलो होतो. फक्त सगळ्यांना ते उशिरा मिळत होतं, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी नवऱ्याला टेलिफोनचं सांगू दिलं नाही. म्हणाल्या, एवढा टेप दुरुस्त होऊ द्या, मग बघा. ताईने मला पिशवीत घालून एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथल्या माणसाने खालच्या खणातून जुने पट्टे काढले, एक माझ्या चाकावर ओढून बसवला आणि म्हणाला, "झालं. वेग या मागच्या स्क्रूने लावायचा. देऊ लावून?"

"द्या," ताई म्हणाली. "पण आधी जसा हळू रडत होता ना, तसाच लावून द्या. थोडासाच पुढे."

तो माणूस तिच्याकडे बघतच राहिला. "लोक दुरुस्त करायला आणतात, ताई. तुम्ही मुद्दाम बिघडवून नेताय."

घरी आल्यावर ताई काकूंशी कुजबुजली. मी त्यांच्या मधेच होतो, म्हणून मला ऐकू आलं. एकदम खऱ्या वेगावर लावला तर बाबा एकदम उडी घेतील आणि छाती भरून बसतील, आणि मग कायमचे बसतील. त्यापेक्षा रोज सकाळी स्क्रू केसभर पुढे करायचा. त्यांना सांगायचं, की टेप आता अगदी ठीक झालाय. फोनच्या बरोबरीला आला की थांबायचं. ताईला शाळेच्या मुलांबरोबर स्पर्धांना बाहेरगावी जायचं होतं. म्हणून ती गाणी आईच्या फोनवर घालून तिने हे काम काकूंकडे सोपवलं. त्यांच्याकडे मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर होताच.

काकांना टेप नीट झाल्याचं सांगितलं. पहिल्या दिवशी ते नाखुशीनेच खाली उतरले. मी गायलो, ते पळाले, आणि पुरून उरले. वर येऊन म्हणाले, "अगं, हा दुरुस्त झाला तरी जमतंय की मला." काकूंनी टिपेवरची मान वर केली नाही.

मग सुरू झाला माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोंधळाचा काळ. काका बूट घालत असताना काकू माझ्या पाठीत स्क्रूड्रायव्हर घालायच्या आणि हलकेच फिरवायच्या. रोज मी कालच्यापेक्षा थोडा वेगळा. निवेदकाची सर्दी उतरत गेली. काल ज्याला मी माझं गाणं म्हणत होतो ते आज जुनं झालेलं असायचं. कोणता वेग खरा, कोणता मी, हे मला कळेनासं झालं. पूर्वी निदान एक बाई डोळे मिटून "बरोबर" म्हणाल्या होत्या. आता कुणी काही म्हणतच नव्हतं, नुसतं फिरवत होतं.

आणि एका सकाळी काकूंनी फिरवलंच नाही. स्क्रूड्रायव्हर आत घातला आणि तशाच उभ्या राहिल्या. जिन्यावरून काकांच्या बुटांचा आवाज खाली जात होता. काकू अगदी हळू म्हणाल्या, "नाही फिरवला तर?" खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे मलाच विचारत होत्या. "हळूच ठेवला तुला, तर हे टेलिफोनवर बसतील. रोज संध्याकाळी घरी येतील. घंटा वाजली तर मला उठून बसायला नको." स्क्रूड्रायव्हर अजून खाचेतच होता. तो मला माझ्या पाठीत कळत होता.

 मला गाण्यापलीकडे येतं काय? खालून काकांनी हाक मारली, "अगं, लाव की. मांजर येऊन बसलंय."

काकूंनी खिडकीतून खाली पाहिलं. काका टाकीपाशी उभे होते, एक पाय पुढे, मान माझ्याकडे वर केलेली. शाळेत पहिल्या बाकावर बसलेल्या मुलासारखे वाट बघत होते. काकूंनी डोळ्याला पदर लावला आणि स्क्रू फिरवला. केसभर नाही, चांगला फिरवला. मग बटण दाबलं. त्या दिवसानंतर त्यांनी फोनशी ताडून बघितलंच नाही. रोज फिरवत गेल्या, जसं काही एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं.

मी भरभर गायला लागलो. निवेदक तर पोरासारखा किणकिणायला लागला. काका खालून ओरडायचे, "आज गाणं अंगावर येतंय फार."

"तुम्हीच आळसावला असाल," काकू वरून म्हणायच्या.

आणि काका वेग वाढवायचे. तारेवरचे कपडे हलायचे, मांजराला सलाम करायला सवड मिळायची नाही. संथ गाण्यात ते छाती भरून श्वास घ्यायचे, आणि ते गाणं संपायच्या आधीच त्यांचे पाय पुढच्याची वाट बघत जागच्या जागी हलायला लागायचे. इथे मात्र माझ्या मनात काहीतरी लुकलुकलं. हा माणूस माझ्यापासून पळत नव्हता. माझ्याबरोबर पळत होता. पण हे खात्रीने सांगायला मी काही फार हुशार नाही.

परीक्षेच्या दिवशी काका सकाळी लवकर गेले. मला कुणी लावलं नाही. काकूंनी मशीनवर एक कापड घेतलं आणि त्याच टिपेवर तीनदा टीप मारली, मग उसवली. जेवणाची वेळ टळून गेली. ताईचा फोन दोनदा येऊन गेला. "अजून नाही आले," काकू म्हणाल्या, आणि फोन माझ्या शेजारी ठेवला. त्या वेळी मला त्या फोनचाही राग आला नाही. 

मग जिन्यावर बूट वाजले. पहिला मजला. दुसरा मजला आला आणि काकूंचा पाय पायट्यावर थांबला. बूट थांबले नाहीत.

काका आत आले. त्यांच्या हातात त्यांचं हेल्मेट होतं. आजारपणापासून ते स्टेशनातच जमा होतं आणि बंबावर परत येणाऱ्यालाच परत मिळणार होतं. त्यांनी ते खिडकीत माझ्या शेजारी ठेवलं. त्याला अजून धुराचा वास येत होता. काकू त्या हेल्मेटकडे बघत राहिल्या.  मग म्हणाल्या, "हात धुऊन घ्या. वाढते."

"साहेब शिट्टी मारत होते म्हणे," काका खुर्चीत बसत म्हणाले. "मला कुठे ऐकू येतेय? माझ्या डोक्यात हा ओरडत होता. आता ऐकू या म्हणाला, की पाय सुटायचे. पुढची शिट्टी व्हायच्या आत मी टोकाला. साहेब म्हणाले, एवढी घाई कसली झालीय तुम्हाला? मला वाटतं, मैदानावरचं सगळंच आज जरा हळू चाललं होतं."

काकूंना हसू आवरेना. मग डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसू. त्यांनी स्क्रूचं सगळं सांगून टाकलं. पहिले दिवस, केसभर फिरवणं, आणि ती एक सकाळसुद्धा. ती सांगताना त्यांनी काकांकडे पाहिलं नाही, मशीनच्या चाकाकडे पाहिलं. 

"आणि तरी फिरवलास," ते म्हणाले.

"मांजर वाट बघत होतं," काकू म्हणाल्या.

काकांनी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून खुर्चीखाली सारले आणि पाय लांब केले. "लाव बघू त्याला," ते म्हणाले.

 आता हा बूट न घालता पळणार की काय? काकूंनी बटण दाबलं. "आता ऐकू या," निवेदक चिवचिवला आणि मी सुसाट सुटलो. काका हसले, काकूही हसल्या. मग काकूंनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मी गात असतानाच स्क्रू हळूहळू मागे घ्यायला लागल्या. निवेदकाचं बोलून झालं होतं, गाणाऱ्याचा आवाज खाली खाली येत गेला. काकूंचा पाय नुसत्याच पायट्यावर ठेका धरत होता, जसा खूप वर्षांपूर्वी धरायचा. एका क्षणी तो ठेका आणि मी एक झालो. त्यांनी डोळे मिटले.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

आणि काका पळाले नाहीत. खुर्चीतच बसून राहिले, पूर्ण गाणं संपेपर्यंत, मग संथ गाणं संपेपर्यंत. इतक्या वर्षांत त्या माणसाने पहिल्यांदाच मला ऐकलं.

मित्रांनो, आता काका पुन्हा बंबावर जातात. कुठे घंटा वाजली की काकू मला मधेच बंद करतात आणि कान देऊन बसतात. का करतात, ते आता मला थोडंसं कळतं, म्हणून मीही गप्प राहतो. माझा हा पट्टाही कधीतरी सैल होईल. तुमच्याकडेही एखादं जुनं यंत्र असेल, किंवा एखादं जुनं माणूस. ते रडकं झालं म्हणून त्याला गाठोड्याखाली टाकू नका. त्याच्या शेजारी बसा, आणि जमलं तर हळूच सांगा. कारण आपण हळू झालोय, हे आम्हाला स्वतःला ऐकू येत नाही.